चावणारा दत्तक कुत्रा ठेवायचा की नाही? आधी घराची दारं मोजा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट. घरात नवरा-बायको, सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि सहा वर्षांची मुलगी. चार महिन्यांपूर्वी यांनी एक देशी कुत्रा दत्तक घेतला, नाव शेरू, वय अंदाजे तीन. गाडीखाली सापडून मागचा पाय मोडलेला, तो जुळल्यावर संस्थेने दिलेला. शेरू आतापर्यंत तीनदा चावला. सोफ्यावरून खाली ओढताना नवऱ्याच्या मनगटाला (दात लागले, कातडी शाबूत). पडलेली पोळी उचलताना सासूबाईंच्या बोटाला (खरचटलं). आणि गेल्या गुरुवारी, झोपलेल्या शेरूला मुलीने मिठी मारली तेव्हा तिच्या दंडाला, दोन भोकं. "सगळे म्हणतात, सोडून ये कुठेतरी. मला ते होणार नाही. ठेवू की देऊ? आणि मुलगी विचारते, शेरूला माझा राग आला का? काय सांगू?"

ताई, शेरूचं नंतर बोलू. आधी मुलीचं.

तुम्ही लिहिलंय की डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि शेरूला रेबीजची लस दिलेली असल्यामुळे मुलीला ती लस दिली नाही. हे वाचून मी खुर्चीतून उठले. कुत्र्याला लस दिलेली असणं ही चांगली गोष्ट, पण ती माणसाच्या लसीची जागा घेत नाही. दत्तक कुत्र्याला कधी एकच डोस मिळालेला असतो, कधी कार्डावर नुसता शिक्का असतो. रेबीजच्या धोक्याप्रमाणे डॉक्टर चाव्यांच्या तीन श्रेणी करतात; कातडीला भोक पडलं की तो तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर श्रेणीचा चावा. त्यात लस लागतेच आणि जखमेच्या भोवती इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूला अडवणारी तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं. आजच जा. 'इतके दिवस झाले, आता काय उपयोग' असं कुणी म्हटलं तरी जा. दंडात घेण्याच्या लसीचे दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात तेव्हा ०, ३, ७ आणि २८. शेरू चावल्यापासून १० दिवस ठणठणीत राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरता येतं, आणि पुढचे डोस घ्यायचे की थांबायचं ते डॉक्टर ठरवतील. पण १० दिवस वाट बघून मग सुरुवात, असं नसतं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर हातात काही उरत नाही. आणि पुढे कधीही, कुणालाही, कुठलाही कुत्रा चावला तर पहिलं काम म्हणजे नळाखाली साबण लावून १५ मिनिटं जखम धुणं. हळद नाही, चुना नाही, तिखट तर नाहीच. सासूबाईंच्या बोटाचंही त्याच फेरीत दाखवून घ्या.

झालं? आता शेरू.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. १७ वर्षं हेच काम करते आहे, चावणारी कुत्री आणि त्यांची माणसं. त्यातून एक सवय लागली आहे. किती वेळा चावला हे मी नंतर बघते, आधी चावण्यापूर्वीचा अर्धा मिनिट शोधते. तुमच्या तीन प्रसंगांत दोन ठिकाणी शेरूचं अंग हलवलं गेलंय. सोफ्यावरून ओढताना जोर मागच्या अंगावर आला. मिठी मारताना मुलगी त्याच्या पाठीवर ओणवी झाली असणार, सहा वर्षांची मुलं तशीच मिठी मारतात. आणि हा कुत्रा मागचा पाय मोडून जुळलेला आहे! पाय जुळला म्हणजे दुखायचा थांबला असं नाही. खुब्याचा सांधा झिजलेला असतो, हाड थोडं वाकडं बसलेलं असतं, लोखंड आत असेल तर थंडी-पावसात ठणकतं. कुत्रा लंगडेलच असंही नाही. तो सोफ्यावर चढायला एक क्षण थांबतो, उठल्यावर चार पावलं आखडून चालतो, जिना उतरताना दोन्ही मागचे पाय एकत्र टाकतो. यातलं काही आठवतंय का बघा.

म्हणून माझी पहिली मागणी ट्रेनरची नाही, एक्स-रेची आहे. खुब्याचा आणि त्या पायाचा, भूल देऊन नीट काढलेला. सोबत रक्ताची तपासणी. आपल्याकडे गोचीडताप इतका आहे की बारीक कणकण आणि अंगदुखी घेऊन कुत्री महिनोन् महिने जगतात, आणि घरचे म्हणतात, हल्ली जरा चिडका झालाय. कान आणि दातही बघून घ्या. एक्स-रेत काही सापडलं, किंवा नाही सापडलं तरीही, दोन-तीन आठवडे दुखण्यावरचं औषध देऊन वागण्यात फरक पडतो का ते बघूया, असं तुमच्या पशुवैद्यांना विचारा. औषध त्यांच्याकडूनच घ्या. घरातली ब्रुफेन किंवा व्होव्हेरान अर्धी तोडून द्यायची नाही. त्याने कुत्र्याचं पोट फाटतं, मूत्रपिंडं जातात.

पोळीचा प्रसंग वेगळा. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला पडलेलं अन्न म्हणजे ज्याने आधी तोंड लावलं त्याचं. सासूबाई वाकल्या, हात पुढे आला, त्याने दात लावले. याला इलाज आहे आणि तो फार अवघडही नाही: त्याच्या तोंडाजवळचं काही हिसकावायचं नाही, लांब काहीतरी चांगलं टाकायचं, तो तिकडे गेला की उचलायचं. पण त्या दिवसाबद्दल तुम्ही सहज जाता जाता एक वाक्य लिहिलंय, की खाली ढोलपथकाचा सराव चालू होता. ताई, ते वाक्य महत्त्वाचं आहे. गणपतीच्या आधीचे दोन महिने माझा फोन थांबत नाही. तीन तास छातीत धडधडेल असा आवाज, त्याच संध्याकाळी पाहुणे, त्यात पाऊस म्हणून फिरणं चुकलेलं. एकेक गोष्ट कुत्रा सहन करतो, तिन्ही एकावर एक चढल्या की चौथ्या फालतू गोष्टीला दात निघतात. आपलंही ऑफिसचं भांडण भाजीवाल्यावर निघतं की.

आता एक कटू गोष्ट. तुम्ही लिहिलंय की पहिल्या महिन्यात शेरू गुरगुरायचा, मग मिस्टरांनी वर्तमानपत्राची गुंडाळी करून दोन-चारदा मारलं आणि 'ती सवय गेली'. सवय गेली नाही, भोंगा काढून टाकला गेला. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने माणसाच्या भाषेत सांगायचा सगळ्यात स्पष्ट प्रयत्न. त्याच्याही आधी तो बरंच काही सांगत असतो: मान वळवतो, नाक चाटतो, कारण नसताना जांभई देतो, उठून लांब जातो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, मग अंग ताठ करतो. हे आपल्याला दिसत नाही. दिसतं ते गुरगुरणं, आणि त्यालाच मार बसतो. मग कुत्रा ती पायरी गाळतो आणि थेट चावतो, आणि आपण म्हणतो, काही कारण नसताना चावला. मिस्टरांना मी दोष देत नाही. 'कुत्र्याला तू मालक आहेस हे दाखव' हा सल्ला आपल्याकडे पानाच्या टपरीवरही मिळतो. त्याचं मूळ १९४७ साली पिंजऱ्यातल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांवर केलेल्या निरीक्षणात आहे. मोकळ्या रानात लांडग्यांची टोळी म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं, हे डेव्हिड मीच या संशोधकाने नंतर दाखवलं, आणि 'अल्फा', म्हणजे लढून टोळीचा मालक झालेला, हा शब्द आपल्याच जुन्या पुस्तकातून पसरला याची चुटपुट त्याने उघड बोलून दाखवली. पण ती बातमी टपरीपर्यंत पोचलेली नाही.

चावा किती गंभीर हे मोजायला आम्ही एक मोजपट्टी वापरतो, इयान डनबार या पशुवैद्याने केलेली. सहा पायऱ्या. पहिलीत दात हवेतच वाजतात. दुसरीत दात कातडीला लागतात पण भोक पडत नाही. तिसरीत एकाच चाव्यात एक ते चार भोकं, पण सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा उथळ. चौथीत त्याहून खोल. म्हणजे कुत्र्याने धरून ठेवलं किंवा झटकलं. पाचवीत असे अनेक चावे, सहावीत मृत्यू. शेरूचे पहिले दोन चावे दुसऱ्या पायरीचे, तिसरा, तुम्ही वर्णन केलंय त्यावरून, तिसऱ्या पायरीचा. चौथ्या पायरीचा कुत्रा आणि घरात लहान मूल असं असतं, तर हे उत्तर चार ओळींत संपलं असतं: ठेवू नका. तिसऱ्या पायरीवर विचाराला जागा असते. कुत्र्याला जोराने चावता येत असतानाही त्याने आवरलंय, एवढं यातून कळतं. मात्र त्या दंडाच्या जागी गाल असता तर पायरी तीच राहूनही गोष्ट निराळी झाली असती. सहा वर्षांची मुलगी खाली बसली किंवा वाकली की तिचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतं.

इथवर वाचून तुम्हाला वाटलं असेल की मी शेरूची वकिली करते आहे. तसं नाही. तो का चावतो हे कळलं म्हणून तो चावणार नाही, असं होत नाही. त्यासाठी घर लागतं. म्हणून मी लोकांना विचारते, तुमच्या घरात दारं किती आहेत, आणि ती बंद कोण करतं?

हे मी चूक करून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका कुटुंबाकडे गेले होते. लॅब्रेडोर, दोनदा हलकं चावलेला, घरातली माणसं जीव टाकणारी. मी त्यांना अकरा नियमांचा कागद लिहून दिला आणि म्हणाले, होईल व्यवस्थित. सात महिने झालंही. मग भाऊबीजेला घरात चौदा माणसं, कुणीतरी आइस्क्रीम आणायला आतल्या खोलीतून गेलं, दार लोटलं पण कडी लावली नाही. कुत्रा पंगतीत आला. भाचीच्या गालाला टाके पडले. त्यांनी मला एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. तो कागद खोटा नव्हता, पण चौदा माणसांच्या दिवशी अकरा नियम पाळणारं घर मी कधी बघितलेलं नाही. तेव्हापासून मी तीनच नियम देते, आणि ते घरातल्या सगळ्यात दमलेल्या माणसाला सगळ्यात वाईट दिवशी जमतील का, एवढंच बघते.

तुमच्यासाठी ते तीन असे. मुलगी आणि शेरू एका मोकळ्या जागेत कधीही नाहीत, कुणी 'लक्ष ठेवतंय' म्हणूनही नाही; लक्ष कुकरच्या शिट्टीकडे जायला दोन सेकंद पुरतात आणि चावायला एक. दोघांच्या मध्ये बंद दार, जाळीचं गेट, किंवा तो पट्ट्यात आणि पट्टा मोठ्या माणसाच्या हातात. दुसरा, झोपलेल्या आणि खाणाऱ्या शेरूला कुणीही हात लावायचा नाही. सोफ्यावरून उतरवायचं तर हाक मारून, खाऊ दाखवून. तिसरा, त्याला कुणीही मारायचं नाही, आणि तो गुरगुरला तर जिथे आहात तिथून मागे सरकायचं.

बेडरूमच्या दारात लहान मुलांसाठी मिळतं तसं गेट बसवा, पण देशी कुत्रा कमरेइतकं गेट उभ्या उडीत पार करतो. छातीपर्यंत उंच घ्या, नाहीतर सुताराकडून जाळीचं अर्धं दार करून घ्या. मझलची, म्हणजे तोंडाला बांधायच्या मुसक्याची, सवय लावा, जाळीचा, टोपलीसारखा. ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. कापडी मझल तोंड आवळून ठेवतो, तो दवाखान्यात दोन मिनिटांसाठी ठीक. सवय म्हणजे आधी मझलच्या तळाला दही लावून त्याला स्वतःहून तोंड घालू द्यायचं, पट्टा आवळायचा तो दहा-बारा दिवसांनी. पाहुण्यांच्या दिवशी, लिफ्टमध्ये, दवाखान्यात तो उपयोगी. दिवसभर घालून ठेवायचा नाही. म्हणून तो दाराला पर्याय होत नाही.

आता सासूबाई. तुमच्या लांबलचक पत्रात त्यांचं मत कुठेच नाही. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात शेरूसोबत घरात त्याच असतात, म्हणजे हा सगळा बंदोबस्त प्रत्यक्षात त्याच करणार. दुपारी मुलगी शाळेतून आली की दार उघडायला त्याच उठणार, गुडघे धरत. त्यांना विचारलंत का? सुनेला वाईट वाटेल म्हणून त्या गप्प असतील, आणि मनातून घाबरलेल्या असतील. घाबरलेलं माणूस कुत्र्याभोवती आखडून, टक लावून वावरतं, आणि कुत्र्याला नेमकं तेच धमकीसारखं वाटतं. माझ्या लेखी त्यांचा होकार एक्स-रेइतकाच महत्त्वाचा आहे. त्या मनापासून नाही म्हणाल्या, तर तो नकार भावनिक म्हणून उडवून लावू नका. त्या घरात कुत्रा ठेवता येत नाही, इतका साधा त्याचा अर्थ.

तर माझं मत. आज देऊ नका, आणि कायमचा ठेवण्याचंही आज ठरवू नका. तीन आठवडे घ्या. जमलं तर या काळासाठी ज्या संस्थेकडून घेतलात त्यांच्याकडे फोस्टर, म्हणजे तात्पुरतं घर, मागा. चाव्यांसकट सगळं सांगून. चांगली संस्था दत्तक दिलेला कुत्रा परत घेते, निदान सोय शोधायला मदत करते. ते नाही जमलं तर शेरूची एक खोली ठरवा आणि मुलीची झोप दुसऱ्या खोलीत. या काळात तपासण्या, औषध, गेट. तीन आठवड्यांनी दुखणं सापडलं असेल, औषधाने तो सैलावला असेल आणि कडी एकदाही उघडी राहिली नसेल, तर मी ठेवा म्हणेन. अंगात काही सापडलं नाही, तो तरीही ताठलेलाच आहे, किंवा या २१ दिवसांत दोनदा जरी 'अरे, दार उघडंच राहिलं' झालं, तर तुमच्या घरात नको. अशा वेळी तो वाईट कुत्रा ठरत नाही की तुम्ही वाईट माणसं ठरत नाही. लहान मूल नसलेल्या, दोन शांत मोठ्या माणसांच्या घरी हाच शेरू दहा वर्षं सुखाने राहू शकतो. भीती खोलवर असेल तर पशुवैद्य फ्लुऑक्सेटिनसारखं औषधही देतात, पण त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि ते दाराऐवजी नसतं, दारासोबत असतं.

द्यायचं ठरलं तर तिन्ही चावे तारखेसकट लिहून द्या. 'थोडा लाजरा आहे' असं सांगून दिलेला कुत्रा पुढच्या घरी कुणाचं तरी मूल चावतो, आणि मग त्याच्यासाठी कुठलंच घर उरत नाही.

आणि दोन गोष्टी अजिबात नाही. 'कुठेतरी सोडून ये' हा त्यातला एक. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे (दंड दहा ते पन्नास रुपये, यावरून त्या कायद्याचं वय कळावं). पण कायदा सोडा. दुखऱ्या पायाचा, माणसावर दात लावायला शिकलेला कुत्रा अनोळखी गल्लीत सोडला तर तिथली कुत्री त्याला फाडतील, किंवा तो तिथल्या मुलाला चावेल. दुसरी गोष्ट फार्महाऊस. प्रत्येक घरात एक काका असतात ज्यांच्या मित्राचं मुळशीला किंवा वाईला फार्महाऊस असतं, 'मोकळा राहील तिथे'. मी अशी बरीच फार्महाऊसं पाहिली आहेत. कुत्रा मोकळा नसतो, गेटपाशी सहा फुटी साखळीला असतो, माळी दिवसातून एकदा भात टाकतो, आणि शनिवार-रविवारी मालकांची नातवंडं तिथे खेळायला येतात. साखळीवरच्या कुत्र्याला लांब जायची सोय नसते, म्हणून तो चावतो.

दयामरणाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात येऊन गेलं असेल. बेसावध माणसावर पुन्हा पुन्हा खोल चावे घेणाऱ्या, औषधाने न बदललेल्या कुत्र्यांच्या बाबतीत मी त्या निर्णयात लोकांसोबत बसले आहे. अनेक पशुवैद्य वागण्याच्या कारणावरून ते करत नाहीत, आणि त्यांच्यावर माझा राग नाही. शेरू त्या जागेच्या जवळपासही नाही.

एक व्यावहारिक काम राहिलं: महापालिकेचा परवाना आणि लसीचं कार्ड अद्ययावत करा. पाळलेल्या जनावरापासून धोका आहे हे ठाऊक असून काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागतं, आणि तीन चाव्यांनंतर तुम्हाला 'माहीत नव्हतं' असं म्हणता येणार नाही. सोसायटीत गेटच्या वॉचमनला आणि कामवाल्या मावशींना सांगून ठेवा. लपवू नका. मावशींनी बेल वाजवली की आधी शेरू आत, मग दार.

राहिला मुलीचा प्रश्न. तिला सांगा, नाही, राग नाही आला. त्याचा पाय दुखतो, तो झोपेत होता, आणि एकदम अंगावर कुणी आलं म्हणून तो घाबरला. तिची चूक नाही हे शब्दांत सांगा, मुलं ते स्वतःहून धरत नाहीत. तिला शेरूसाठी काहीतरी करायचं असेल. कडी लागली का ते बघायचं काम देऊ नका, ते मोठ्यांचं आहे. स्वयंपाकघरात त्याचा वाडगा भरायचं काम द्या. ती भरेल, तुम्ही उचलून खोलीत नेऊन ठेवाल, आणि तो संपवून झाल्यावर रिकामा वाडगा तिला आणून दाखवाल.